बंध आणि कट्टु

*बिंदनँ. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत हे क्रियापद असंच छापतात, आधी तारा आणि मग शब्द. तारा बजावतो, की हा शब्द कुणी लिहून ठेवलेला सापडलेला नाही. ज्यांच्या तोंडी तो होता ते लोक ख्रिस्तपूर्व 500 च्या सुमारास आजच्या डेन्मार्कात, स्वीडनच्या दक्षिणेला आणि जर्मनीच्या उत्तर पट्ट्यात राहत होते. त्यांनी मागे ग्रंथ ठेवले नाहीत. पुढे त्यांची भाषा फुटली, तिला लेकी झाल्या आणि लेकींच्या पोथ्या मात्र उरल्या. गॉथिकात बिंदन, जुन्या इंग्रजीत बिंदन, जुन्या नॉर्समध्ये बिंदा, जुन्या जर्मनमध्ये बिंतन. ही रूपं शेजारी शेजारी मांडून, कोणत्या भाषेत कोणता ध्वनी कशाचा झाला याचे नियम पक्के करत विद्वान मागे मागे गेले आणि या सगळ्यांची आई म्हणून त्यांनी *बिंदनँ उभं केलं. अर्थ आहे बांधणे.

ताऱ्याची ही रीत एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने रुजवली. 1868 साली त्याने अशा पुनर्रचित मूळ भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टसुद्धा लिहिली. कुणी कधी न ऐकलेल्या भाषेत गोष्ट लिहायची, याला केवढा विश्वास लागत असेल! मला त्या विश्वासाचं फार अप्रूप आहे, कारण तो भाबडा नव्हता. शेकडो शब्द एकाच नियमाने बदलताना दिसले की मग न दिसलेला शब्दही सांगता येतो, या अनुभवावर तो उभा होता.

माझी या क्रियापदाशी गाठ पडली चेन्नईत. नुंगंबाक्कमला रटलंड गेट नावाचा भाग आहे, तिथल्या एका शांत गल्लीत मॅक्स म्युलर भवन आहे. या शहरात जर्मन शिकणाऱ्यांची वाण नाही. दक्षिणेला सिंगपेरुमाळकोविलच्या बाजूला 2007 पासून बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे, ओरगडमला 2012 पासून डाइम्लरचे ट्रक तयार होतात. वर्गात माझ्याभोवती इंजिनिअर होते, जर्मनीला निघालेल्या परिचारिका होत्या. क्रियापदांचा तक्ता घोकणं सगळ्यांना सारखंच होतं. बिंडन, बांड, गेबुंडन. बांधणे, बांधलं, बांधलेलं. इ, अ, उ असा स्वर पालटत जातो. तमिळ मातृभाषेच्या माझ्या सोबत्यांना हे केवळ पाठांतर होतं. मला मात्र त्या तिन्ही रूपांतून ‘बंध’ ऐकू येत होता आणि एकदा ऐकू आल्यावर तो थांबेना.

युरोपी पुस्तकांत या शब्दाचं आणखी मागचं, इंडो-युरोपीय मूळ दाखवतात, तेव्हा त्यांना रोमन अक्षरांना ‘एच’ची शेपटं लावावी लागतात. आपल्या लिपीत ते सरळ लिहिता येतं, *भेन्ध. दोन्ही व्यंजनं महाप्राण. यांतलं पुढचं काम याकोब ग्रिमचं. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला हा थोरला. 1822 साली त्याने आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत ध्वनींचा जो नियम मांडला, त्यानुसार मूळचे भ, ध, घ हे जर्मानिक भाषांत ब, द, ग होतात. म्हणून आपला भ्राता त्यांचा ब्रदर झाला आणि *भेन्धचं बिंद झालं. त्याच्याआधी 1818 मध्ये रास्मुस रास्क या डॅनिश माणसाने हे सारं बरंचसं ओळखलं होतं. हाच रास्क 1820 साली इराणमार्गे मुंबईला आला, पारशांमध्ये राहून त्याने अवेस्ताचा अभ्यास केला, हस्तलिखितं मिळवली आणि पुढे सिंहलद्वीपापर्यंत गेला. शब्दांच्या मुळाशी जाणारी माणसं त्या काळात अशी पायपीट करत.

पण मग संस्कृतात ‘भन्ध’ का नाही, ‘बन्ध’ का? जर्मानिकात महाप्राण गळाले हे ठीक, आपल्याकडे तर ते सुखरूप आहेत. याचं उत्तर 1863 साली हेर्मान ग्रासमान याने दिलं. हा श्टेटिन गावचा गणिताचा शिक्षक. त्याच्या गणिताकडे त्याच्या हयातीत फारसं कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा तो ऋग्वेदाकडे वळला आणि त्याचा कोश रचून बसला. त्याचा नियम असा, की लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण आले तर संस्कृतात आणि ग्रीकमध्ये पहिला आपला प्राण सोडतो. म्हणून ‘भभूव’ नाही, ‘बभूव’. म्हणून ‘धधामि’ नाही, ‘दधामि’. आणि म्हणून ‘बन्ध’.

यातला खरा थरार पुढे आहे. बन्ध धातूचं भविष्यकाळी रूप काय होतं? भन्त्स्यति. ‘स्य’ प्रत्ययामुळे ध चा त् झाला, दुसरा महाप्राण नाहीसा झाला, मग पहिल्याला माघार घेण्याचं कारणच उरलं नाही आणि हरवलेला भ जागच्या जागी उभा राहिला. पाणिनीला हे रूप ठाऊक होतं. आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं सदतिसावं सूत्र अशा रूपांसाठीच आहे. जर्मन गणितज्ञाने दोन हजारांहून अधिक वर्षांनी ज्या भ चा माग काढला, तो भ संस्कृत पाठशाळांतली मुलं सगळा काळ रूपावली म्हणताना उच्चारत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या संध्याकाळी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आणखी एक जागा दाखवते. जर्मनमधलं ‘गेबुंडन’ आणि आपलं ‘बद्ध’ दिसायला एकमेकांपासून लांब आहेत, पण दोन्ही एकाच साच्यातून निघालेली. मूळ रूपात मधला स्वर गळून तिथे नुसता अनुनासिक न् स्वराचं काम करत होता. तो संस्कृतात ‘अ’ झाला आणि जर्मानिकात ‘उन्’. ‘शत’ आणि इंग्रजीतला ‘हंड्रेड’ यांच्यातही हेच घडलं, तिथे मूळचा म् होता. एकदा हे कळलं की बद्धमधला दिसेनासा झालेला न गेबुंडनमध्ये ऐकू येतो.

लेकीसुनांचा हा गोतावळा मोठा आहे. इंग्रजीतले बाइंड, बाँड, बंडल हे उघड ओळखू येतात. ‘बेंड’, म्हणजे वाकवणं, हा मात्र चकवतो. त्याचं मूळ काम धनुष्याला दोरी बांधण्याचं. दोरी ताणून बांधली की काठी वाकते, आणि बघता बघता बांधण्याचं क्रियापद वाकण्याचं झालं. गॉथिकात, वुल्फिलाने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतरात, उलटी क्रियाही आहे, अंदबिंदन, सोडवणे. योहानाच्या तोंडच्या वाक्यात, येशूच्या पायताणाचा बंद सोडण्याचीही आपली पात्रता नाही असं तो म्हणतो तिथे, हे क्रियापद येतं. याच जातीचं आजच्या जर्मनमधलं रूप म्हणजे एंटबिंडन. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ बाळंतपण करणं, आणि बाळंतपणाला म्हणतात एंटबिंडुंग. वर्गातल्या परिचारिकांनी हा शब्द सगळ्यांत आधी पाठ केला, कारण त्यांतल्या काहींना त्याच विभागात जायचं होतं. ‘बाई सुटली’, ‘मोकळी झाली’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नसता.

आणि बुंड. बांधलेल्यांचा संघ. जर्मनीच्या अधिकृत नावातच तो आहे, बुंडेसरेपुब्लिक, संघराज्य. चेन्नईच्या जर्मन वकिलातीत जाणारा प्रत्येक जण दारावरच्या पाटीवर हा धातू वाचून आत जातो.

याच धातूची दुसरी शाखा इराणात वाढली आणि तिच्याशी मराठी माणसाचा रोजचा व्यवहार आहे. फारसीत बांधणे म्हणजे बस्तन, त्याचं एक अंग ‘बंद’ आणि दुसरं ‘बस्त’. दोन्ही जोडून बंदोबस्त. म्हणजे एका शब्दात तोच धातू दोनदा. चेन्नईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पोलिसांचा ‘बंदोबस्त’ हा शब्द आजही तसाच छापतात. आणि आपल्या लग्नघरातला बस्ता? फारसी ‘बस्ता’ म्हणजे बांधलेलं गाठोडं. आपण म्हणतो ‘बस्ता बांधला’. बस्ता इराणातून आला, बांधणं संस्कृत-प्राकृतातून आलं; हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली दोन भावंडं लग्नाच्या कापडखरेदीत एका वाक्यात शेजारी बसतात.

नुंगंबाक्कमलाच टँक बंड रोड नावाचा रस्ता आहे. एके काळी इथून दक्षिणेकडे सैदापेटच्या दिशेने लांबच लांब तलाव पसरलेला होता. 1920 च्या दशकात तो बुजवून त्यागरायनगर वसलं, नुंगंबाक्कमकडचं पाणीही हळूहळू हटलं आणि 1976 साली तिथे वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. तलाव गेला, रस्त्याच्या नावात त्याचा बांध उरला. हा ‘बंड’ इंग्रजांनी फारसी-हिंदुस्थानीतून उचललेला. जर्मन ‘बुंड’ आणि हा ‘बंड’ रोमन लिपीत अक्षरशः सारखेच दिसतात. एक उत्तर समुद्राकडून आला, एक इराणातून, घराणं एकच.

इथवर सारं रक्ताचं नातं झालं. नुसतं तेवढंच असतं तर हा लेख पुण्यात बसूनही लिहिता आला असता. चेन्नईने मला यापुढची गोष्ट दाखवली आणि ती मला जास्त मोलाची वाटते.

मॅक्स म्युलर भवनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर कॉलेज रोड आहे. ज्या कॉलेजमुळे त्याला हे नाव पडलं ते आज नाही. 1812 साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ फोर्ट सेंट जॉर्ज इथे होतं, कंपनीच्या नव्या अधिकाऱ्यांना दक्षिणेतल्या भाषा शिकवण्यासाठी. आता त्या आवारात शिक्षण खात्याच्या कचेऱ्या आहेत आणि त्याच 1812 साली सुरू झालेल्या मद्रास लिटररी सोसायटीचं ग्रंथालयही. कॉलेजमागची बुद्धी होती फ्रान्सिस व्हाइट एलिस या मद्रासच्या कलेक्टरची. तमिळवर त्याचं प्रेम होतं, तिरुक्कुरळाचा काही भाग त्याने इंग्रजीत आणला. 1777 चा त्याचा जन्म, म्हणजे तंजावरच्या सरफोजीराजांच्याच वयाचा. सरफोजी लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या हाताखाली वाढले आणि 1793 नंतर काही वर्षं मद्रासला गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकले. मराठी राजपुत्र, जर्मन गुरू आणि मद्रास शहर हे त्रिकूट त्या काळात कुणाला विचित्र वाटलं नाही, हे मला नेहमी आठवतं.

एलिसच्या काळात विल्यम जोन्सचं नाव दुमदुमत होतं. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात जोन्सने सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं धातूंचं आणि व्याकरणाचं साम्य योगायोगाने येणं शक्य नाही. गॉथिकही त्याच मुळाची असावी. त्या झळाळीत कलकत्त्याच्या पंडितांनी ठरवून टाकलं, की तेलुगूसकट हिंदुस्थानातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. 1816 साली कॅम्बेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या निबंधात एलिसने हे खोडून काढलं. त्याचं हत्यार होतं धातू. कॉलेजमधले पट्टाभिराम शास्त्री यांनी केलेली तेलुगू धातूंची यादी त्याने घेतली, तिच्यासमोर संस्कृत धातू ठेवले आणि दाखवलं की हे त्यांतून निघालेले नाहीत. मग तेलुगू, कन्नड आणि तमिळ धातू ओळीने मांडले आणि दाखवलं की ते एकमेकांचे आहेत. द्राविड भाषाकुळाचा हा पहिला पुरावा. कॉल्डवेलचा द्राविड भाषांवरचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1856 मध्ये आला. एलिस 1819 साली रामनाडला विषबाधेने अकाली गेला. ग्रिमचं व्याकरण याच वर्षी पहिल्यांदा छापलं जात होतं. युरोपात क्रियापदांवरून एक कुळ सिद्ध होत असताना मद्रासमध्ये कलेक्टर आणि त्याचे तेलुगू-तमिळ पंडित क्रियापदांवरूनच दुसरं कुळ सिद्ध करून बसले होते. हा मान या शहराला अजूनही पुरता मिळालेला नाही, असं माझं मत आहे.

त्याच निबंधात एलिसने जाता जाता एक गोष्ट नोंदली आहे. सिंहली, मराठी आणि ओडिया या भाषा दक्षिणेच्या कुळातल्या नसल्या तरी त्यांनी या भाषांकडून पुष्कळ शब्द आणि बोलण्याच्या लकबी घेतल्या आहेत. मराठीचं नाव तिथे वाचल्यावर मी या शहरातलं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकायला लागले.

तमिळमध्ये बांधणे म्हणजे कट्टु. मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाबाहेर फुलवाल्या बायका केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने मोगरा गुंफत असतात, भाव मुळमावर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापावर. ते त्यांचं ‘पू कट्टु’, फुलं बांधणं. इमारतीवरचे गवंडी ‘वीडु’ कट्टतात, घर बांधतात. नवरा मुलगा ताळी कट्टतो. साडी नेसणं, वेष्टी नेसणं, तेही कट्टु. शाळेच्या फाटकाशी एक आई दुसरीला विचारते, ‘फीस कट्टियाच्चा?’ फी भरलीस का. धरणाला कट्टु, गाठोड्याला कट्टु. समुद्रावर ओंडके एकमेकांना बांधून केलेला कोळ्यांचा तराफा तो कट्टुमरम्, बांधलेलं लाकूड. तोच सतराव्या शतकात इंग्रजीत जाऊन कॅटमरॅन झाला.

आता मराठी बघू. आपण फेटा बांधतो, मोट बांधतो, शिदोरी बांधतो, मंगळसूत्र बांधतो, आणि घर बांधतो. घर बांधणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही विशेष आहे हे जाणवतच नाही. हिंदी माणूस घर बनवतो. जर्मन माणूसही बिंडन वापरत नाही, तो बाउअन म्हणतो. ते निराळ्याच धातूचं, आपल्या ‘भू’चं भावंड, म्हणजे मॅक्स म्युलर भवनातलं ‘भवन’ आणि हे बाउअन एका मुळाचे. दोरीने बांधणं आणि विटांनी बांधणं यांना एकच क्रियापद, ही सवय मला चेन्नईत भेटलेल्या जर्मानिक नातेवाइकांत दिसली नाही. ती दिसली ज्यांच्याशी रक्ताचा काही संबंध नाही अशा तमिळमध्ये. तेलुगूतही कट्टु, कन्नडातही कट्टु, आणि दोन्हीकडे त्याच धातूने घर उभं राहतं.

याचा अर्थ मराठीने ही लकब सरळ दक्षिणेकडून उचलली, असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. संस्कृतात ‘सेतुबंध’ आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा प्रवरसेनाने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वजेत, याच नावाचं काव्य लिहिलं, आणि तो सेतू तमिळ किनाऱ्यावर बांधलेला. गुजरातीतही घर बांधतात. बंगालीत संसार थाटण्याला घर बांधणं म्हणतात. रचण्याचा अर्थ या धातूत आधीपासून होता. पण असलेला अर्थ एखाद्या भाषेत किती पसरतो, हे शेजारी कोण आहे यावरही ठरतं. शतकानुशतकं ज्या माणसांच्या एका कानावर प्राकृत आणि दुसऱ्या कानावर कन्नड-तेलुगू पडत होती, त्यांच्या तोंडी ‘बांधणे’ पडलं तेव्हा त्याला कट्टुचा ऐसपैसपणा आला असावा, असं मला मनापासून वाटतं. 1956 साली मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने हिंदुस्थानाला एक भाषिक क्षेत्र म्हटलं, ते याच प्रकारच्या देवाणघेवाणीवर बोट ठेवून. वेगळ्या कुळांच्या भाषा एका अंगणात राहिल्या की त्यांचे शब्द वेगळे राहतात, वागणं सारखं होतं.

आणि कधी कधी शब्दही आत येतो. कन्नडात ‘कट्टे’ म्हणजे बांध, पाण्याचा काठ, झाडाभोवतीचा पार. आपला कट्टा तोच. संध्याकाळी ज्या कट्ट्यावर मित्र जमतात तो द्राविड धातूचा, आणि त्यांच्यातली बांधिलकी इंडो-युरोपीय धातूची. शेताचा बांध आणि गावाचा कट्टा एका गावात सुखाने नांदतात.

मद्रास इलाख्याच्या जुन्या सिंचन खात्याच्या इंग्रजीत हे दोन्ही धातू जोडीने सापडतात. तलावाचा तो ‘बंड’, नदीवरचा तो ‘अनिकट’. अनिकट म्हणजे तमिळ ‘अणैकट्टु’, धरणाचं बांधकाम. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कावेरीवरच्या कल्लणैला इंग्रज ग्रँड अनिकट म्हणत, आणि आर्थर कॉटनने 1836 साली कोळ्ळिडम नदीवर अप्पर अनिकट उभारला तो त्या जुन्या बांधकामापासून शिकून. पाणी अडवणाऱ्या माणसाला शब्दाचं कुळ विचारायचं कारण नव्हतं.

या शोधात मला सगळ्यांत आनंद दिला तो एका साध्या शाळकरी शब्दाने. तमिळ शाळेत मुलांना निबंध लिहायला सांगतात तेव्हा म्हणतात ‘कट्टुरै’. उरै म्हणजे बोलणं, वचन. कट्टुरै म्हणजे बांधलेलं बोलणं. आपला ‘निबंध’ही बन्ध धातूचाच, नीट बांधलेला. दोन वेगळ्या कुळांच्या भाषांनी, दोन वेगळ्या धातूंनी, लिहिण्याच्या एकाच प्रकाराला एकाच तऱ्हेने नाव दिलं आहे.

आपल्याकडे शब्दाचं मूळ शोधायचं म्हणजे संस्कृत धातूपर्यंत जायचं आणि समाधान मानायचं, ही रीत फार जुनी आहे. त्या रीतीने आपल्याला खूप दिलं. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने 1920 मध्ये मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, कृ. पां. कुलकर्णींनी 1946 मध्ये व्युत्पत्तिकोश दिला, ते त्या वाटेचे मोठे टप्पे. विश्वनाथ खैरे यांनी तमिळकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांची सगळी मतं पटली नाहीत तरी त्यांनी दाखवलेली दिशा महत्त्वाची होती, असं मी मानते. शब्दाचा देह कुठून आला हे विचारताना त्याला वळण कुणी लावलं हेही विचारायला हवं. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत संस्कृत-प्राकृताच्या जोडीला तमिळ किंवा कन्नडाचं एखादं सत्र सक्तीचं असावं. चेन्नईत राहून माझी याविषयी खात्री झाली आहे, आणि विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी हे मनावर घ्यावं अशी माझी विनंती आहे.

वाचकांना त्यासाठी थांबण्याचं कारण नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश आणि बरो-एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात. टर्नरमध्ये ‘बन्ध’ काढा, बरो-एमेनोत ‘कट्टु’ काढा, मोल्सवर्थमध्ये ‘बांधणें’ काढा, आणि तिन्ही नोंदी एकदा शेजारी ठेवून वाचा.